गालाचा कर्करोग आणि ‘पी१६ निगेटिव्ह’ : जनुकांवरून आयुष्याचा अंदाज कितपत बांधता येतो?

गालाच्या किंवा हिरडीच्या कर्करोगाचा तुकडा तपासायला दिला की हल्ली काही वेळा रिपोर्टात एक ओळ जास्तीची येते : ‘पी१६ निगेटिव्ह’. घरातलं कुणीतरी ती ओळ मोबाइलवर शोधतं. पी१६ पॉझिटिव्ह रुग्ण जास्त जगतात आणि निगेटिव्ह रुग्ण कमी, असं समोर येतं, टक्केवारीसकट. मग त्या रात्री घरात कुणाचा डोळ्याला डोळा लागत नाही.

ही टक्केवारी खोटी नाही. पण ती गालाच्या कर्करोगाची नाही. ती टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाची आहे. गालाच्या गाठीला ती लावणं म्हणजे भलत्याच आजाराचा आकडा आपल्या माणसाच्या माथी मारणं. आधीच हादरलेल्या घराला असा विनाकारण घोर लागू नये, म्हणून हा विषय मुळापासून समजून घेऊ.

डॉक्टर ज्याला ‘हेड अँड नेक कॅन्सर’ म्हणतात तो एक आजार नाही. ओठ, गाल, हिरडी, जीभ हे झालं तोंड. त्याच्या मागे टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. खाली स्वरयंत्र आणि त्याच्या आजूबाजूचा घसा, वर नाकामागची पोकळी. सूक्ष्मदर्शकाखाली यातल्या बहुतेक गाठी एकसारख्या दिसतात आणि रिपोर्टात एकच नाव येतं, स्क्वेमस सेल कार्सिनोमा. पण एका जागी तंबाखू कारण असतो, दुसरीकडे विषाणू. पेशींच्या जनुकांमधले बिघाडही त्याप्रमाणे वेगळे. त्यामुळे कुठलाही मार्कर ऐकला की आधी विचारायचं, हा कुठल्या जागेचा?

मार्कर म्हणजे गाठीत, रक्तात किंवा लाळेत मोजता येणारी अशी खूण, जिच्यावरून आजाराबद्दल काहीतरी कळतं. एखाद्या जनुकातला बदल, एखादं वाढलेलं प्रथिन, विषाणूचा डीएनए, काहीही. काही खुणा एवढंच सांगतात की हा आजार सौम्य वागेल की आक्रमक. काही खुणा सांगतात की अमुक औषध या गाठीवर चालेल की नाही. या दोन गोष्टींची सरमिसळ नेहमी होते, अगदी जाणकारांकडूनही, आणि ती किती महागात पडते ते पुढे येईलच.

सगळ्यात गाजलेला मार्कर एचपीव्हीचा. ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार. हा विषाणू टॉन्सिलच्या पेशीत शिरून ठाण मांडतो तेव्हा तो ई६ आणि ई७ नावाची दोन प्रथिनं तयार करवतो. आपल्या प्रत्येक पेशीत पी५३ नावाचं एक प्रथिन असतं. डीएनएची मोडतोड झाली की ते पेशीचं विभाजन थांबवतं आणि दुरुस्ती जमणार नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. ई६ या पी५३ची विल्हेवाट लावतं. ई७ दुसऱ्या एका राखणदार प्रथिनाला, आरबीला, जखडून ठेवतं. आरबी निकामी झाला की पेशी पी१६ हे प्रथिन भरमसाट बनवू लागते. पॅथॉलॉजिस्ट नेमकं हेच पी१६ रंगवून बघतो. स्लाइडवर रंग चढवतात आणि किमान ७० टक्के पेशींमध्ये, केंद्रकात आणि बाहेरही, तो गडद दिसला तर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ असं लिहितात. चाचणी स्वस्त आहे, साध्या प्रयोगशाळेतही होते. लक्षात घ्यायचं ते एवढंच की इथे विषाणू थेट सापडलेला नसतो, त्याने घडवलेला परिणाम सापडलेला असतो.

विषाणूमुळे झालेल्या या गाठींमध्ये पी५३चं जनुक सहसा शाबूत असतं. विषाणू फक्त तयार झालेलं प्रथिन संपवत राहतो. तंबाखूने झालेल्या गाठीत तसं नसतं, तिथे जनुकच बिघडलेलं असतं. शेक दिल्यावर, म्हणजे रेडिएशन दिल्यावर, विषाणूच्या गाठी लवकर विरघळतात. त्यामागे हे एक मोठं कारण मानलं जातं.

२०१० साली अमेरिकेतले डॉक्टर कियान आंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टॉन्सिल-घशाच्या रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. सगळ्यांना शेक आणि किमो मिळालेली. तीन वर्षांनी एचपीव्ही असलेल्यांपैकी ८२.४ टक्के रुग्ण जिवंत होते, नसलेल्यांपैकी ५७.१ टक्के. मोबाइलवर दिसतात ते आकडे बहुधा इथून किंवा अशाच अभ्यासांतून आलेले असतात. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते आणि तिची चर्चा कमी होते. त्यांनी एचपीव्हीच्या जोडीला धूम्रपानही मोजलं. रोज एक पाकीट या हिशेबाने दहा वर्षांहून जास्त सिगारेट ओढलेली आहे का, गळ्यातल्या गाठी किती पसरल्यात, मूळ गाठ केवढी आहे, हे सगळं एकत्र करून तीन गट पाडले. सर्वांत कमी धोक्याच्या गटात तीन वर्षांनी ९३ टक्के जिवंत, मधल्या गटात ७०.८, सर्वांत जास्त धोक्याच्या गटात ४६.२. विषाणूची गाठ असूनही ज्यांनी भरपूर सिगारेट ओढली होती आणि ज्यांच्या गळ्यातला पसारा मोठा होता, ते मधल्या गटात घसरले. एकच जैविक खूण, पण माणसाच्या सवयीने तिची किंमत बदलली. आणि या मोजमापात तंबाखू चघळण्याला जागाच नाही, ते बेतलंय सिगारेटवर.

हा फरक इतका ठळक निघाला की २०१८पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीच्या टीएनएम वर्गवारीत, म्हणजे स्टेज ठरवण्याच्या जागतिक पद्धतीत, पी१६ पॉझिटिव्ह टॉन्सिल-घशाच्या कर्करोगासाठी स्टेजचा वेगळा तक्ताच आला. गळ्यात गाठी असूनही अशा रुग्णाची स्टेज पहिली येऊ शकते.

आता ती महागात पडलेली सरमिसळ. एचपीव्हीचे रुग्ण इतके चांगले जगतात, तर त्यांना सिस्प्लॅटिनसारखी एवढी कडक किमो कशाला? तिने कानाला, किडनीला त्रास होतो. त्याऐवजी सेटुक्सिमॅब हे लक्ष्यवेधी औषध शेकासोबत देऊन बघू, असा विचार पुढे आला. विचार दयाळू होता आणि तर्काला पटणाराही. दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि २०१८च्या अखेरीस निकाल आले. अमेरिकेतल्या चाचणीत पाच वर्षांनी सिस्प्लॅटिन घेतलेले ८४.६ टक्के जिवंत होते, सेटुक्सिमॅब घेतलेले ७७.९ टक्के. युरोपातल्या चाचणीनेही तेच दाखवलं. रुग्ण चांगला जगेल, हे मार्करने बरोबर सांगितलं होतं. पण तो कमी औषधातही तितकाच जगेल, असं मार्कर कधीच म्हणाला नव्हता. ते लोकांनी गृहीत धरलं होतं.

पी१६ आणि एचपीव्ही प्रत्येक वेळी जुळतातच असंही नाही. २०२३ साली बऱ्याच देशांतल्या ७,६५४ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा साधारण नऊ टक्के रुग्णांत एक चाचणी हो म्हणत होती आणि दुसरी नाही. दोन्ही पॉझिटिव्ह असलेल्यांत पाच वर्षांनी ८१.१ टक्के जिवंत होते, दोन्ही निगेटिव्ह असलेल्यांत ४०.४ टक्के. आणि फक्त एकच पॉझिटिव्ह असलेले मध्येच अडकलेले, ५३-५४ टक्क्यांच्या आसपास. म्हणून टॉन्सिलच्या रुग्णाने केवळ पी१६वर भिस्त ठेवू नये, शक्य असेल तिथे विषाणूची थेट चाचणीही करून घ्यावी. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या माणसाला तर हे जास्तच लागू आहे.

हे सगळं झालं घशाचं. आपल्याकडचं चित्र निराळं आहे. भारतात दरवर्षी तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४० हजार नवे रुग्ण सापडतात आणि पुरुषांमध्ये हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. खर्रा, मावा, गुटखा, तंबाखू-चुना, बायकांची मिसरी. ही पुडी जिथे तासन्‌तास दाबून ठेवली जाते तिथेच, गाल आणि खालच्या हिरडीच्या मधल्या खाचेत, बहुतेक गाठी होतात. इथे एचपीव्हीचा हात फारसा नसतो. म्हणजे पी१६ निगेटिव्ह येणं हेच इथे अपेक्षित आहे, त्यात वाईट बातमी नाही. आणि गालाच्या गाठीत चुकून पी१६ पॉझिटिव्ह आलं, तर टॉन्सिलसारखा दिलासाही त्यातून मिळत नाही.

याच कर्करोगाच्या जनुकांचा भारतातला मोठा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी इथली राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेलं टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र यांनी मिळून तो केला. ५० रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींमधली प्रथिनं बनवणारी सगळी जनुकं वाचली आणि सापडलेलं आणखी ६० रुग्णांत पडताळून पाहिलं. पी५३, फॅट१, कॅस्पेज ८, एचरास, नॉच१ ही जगभर आढळणारी नावं इथेही होती. त्याखेरीज यूएसपी९एक्स, एमएलएल४, एआरआयडी२ यांसारखी काही जनुकं या विशिष्ट जागेच्या गाठींत वारंवार बिघडलेली दिसली. आपल्या गालाच्या कर्करोगाला स्वतःचा जनुकीय चेहरा आहे, हे या कामामुळे ठोसपणे पुढे आलं. परदेशातल्या रुग्णांवर बेतलेला मार्कर इथे जसाच्या तसा चालेल, असं धरून चालता येत नाही ते यासाठीच.

मग पी५३ बिघडलेलं आहे की नाही यावरून अंदाज बांधता येईल का? २००७ साली ४२० शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या होत्या, त्यात निम्म्याहून थोड्या अधिक गाठींमध्ये हे जनुक बिघडलेलं निघालं. संशोधकांनी बिघाडांची प्रतवारी लावली. काही बदल प्रथिनाचा डीएनएला धरणारा भाग पार मोडून टाकतात किंवा प्रथिन अर्ध्यावरच तोडतात. काही बदलांनंतर ते थोडंफार काम करत राहतं. पहिल्या प्रकारच्या बिघाडात मृत्यूचा धोका, जनुक शाबूत असलेल्यांच्या तुलनेत, साधारण १.७ पट दिसला. फरक खरा आहे, पण एका माणसाला काही ठामपणे सांगता यावं इतका मोठा नाही. पुढे २०१५मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास प्रकल्पाने २७९ गाठी आणखी बारकाईने वाचल्या तेव्हा एचपीव्ही नसलेल्या ८४ टक्के गाठींत पी५३ बिघडलेलं आढळलं. जी खूण पाचांतल्या चार जणांत असते, ती रुग्ण-रुग्णांत फरक काय दाखवणार?

पी५३चा मला सर्वांत भावलेला उपयोग वेगळाच आहे. सर्जन गाठ काढतो तेव्हा आजूबाजूची चांगली दिसणारी कडाही घेतो, तिला मार्जिन म्हणतात. पॅथॉलॉजिस्ट ती तपासून ‘मार्जिन फ्री’ लिहितो आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. १९९५ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी असे २५ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ ठरलेल्या. मग प्रत्येकाच्या गाठीतला पी५३चा नेमका बदल शोधून तोच बदल त्या स्वच्छ कडेतल्या पेशींत आहे का, हे पाहिलं. १३ जणांच्या कडेत तो सापडला. त्या १३ पैकी ५ जणांना त्याच जागी आजार परत आला. उरलेल्या १२ पैकी एकालाही नाही. डोळ्याला जे दिसलं नव्हतं ते जनुकाने दाखवलं होतं. रुग्णसंख्या लहान, आणि प्रत्येक रुग्णाचा बदल वेगळा असल्यामुळे चाचणीही दर वेळी नव्याने बेतावी लागते. त्यामुळे रोजच्या शस्त्रक्रियेत ही पद्धत रुळली नाही. तरी तोंडाचा कर्करोग पुन्हा पुन्हा त्याच भागात का उगवतो, हे समजायला या २५ जणांनी फार मोठी मदत केली.

आता थोडं ‘नव्या जनुकीय सिग्नेचर’च्या बातम्यांबद्दल. सिग्नेचर म्हणजे काही जनुकांच्या आकड्यांवरून अंदाज बांधणारं सूत्र. ‘सात जनुकांवरून कर्करोगाचा अंदाज’, ‘बारा जनुकांची चाचणी’, अशा बातम्या सतत येतात. यातले बरेच अभ्यास कसे होतात ते सांगतो. अ‍ॅटलास प्रकल्पातल्या पाचशेच्या आसपास रुग्णांची माहिती सर्वांना खुली आहे. प्रत्येक रुग्णाच्या गाठीतली सुमारे २०,००० जनुकं किती सक्रिय आहेत याचे आकडे त्यात आहेत आणि तो किती जगला हेही. संगणकाला सांगायचं, ज्या जनुकांचा जगण्याशी संबंध दिसतो ती निवड. आकडे इतके आणि माणसं इतकी थोडी, की काहीतरी सापडणारच. नुसत्या योगायोगानेही शेकडो जनुकं ‘महत्त्वाची’ दिसतील. त्यातली सात-आठ घेऊन सूत्र बनवलं की ज्या रुग्णांवरून ते बनवलं त्यांच्यावर ते झकास चालतं. दुसऱ्या इस्पितळातले, दुसऱ्या देशातले रुग्ण घेतले की त्याचं पितळ उघडं पडतं.

२०११ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगात हे फार स्पष्ट करून दाखवलं. जेवणानंतरच्या हसण्याशी संबंधित जनुकांचा एक संच त्यांनी घेतला, ज्याचा कर्करोगाशी काही संबंध नाही. त्या संचाचंही रुग्णांच्या जगण्याशी नातं जुळलं! प्रसिद्ध झालेल्या ४७ सिग्नेचर त्यांनी तपासल्या, तर २८ सिग्नेचर अंदाधुंद उचललेल्या तितक्याच जनुकांपेक्षा काही चांगल्या ठरल्या नाहीत. कारणही त्यांनी शोधलं. गाठ किती वेगाने वाढते याच्याशी हजारो जनुकं बांधलेली असतात, त्यामुळे मूठभर कुठलीही उचला, वाढीचा वेग थोडाफार कळतोच. तोंडाच्या कर्करोगाचे अभ्यास वाचतानाही हे मनात ठेवावं. ज्या चाचणीचं सूत्र पूर्णपणे वेगळ्या रुग्णांवर, सूत्रात काडीचाही बदल न करता तपासलेलं नाही, तिच्यावर घरचे पैसे घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

नाकामागच्या पोकळीच्या कर्करोगात मात्र मार्करने खरंच कमाल केली आहे. हा कर्करोग दक्षिण चीन, हाँगकाँग आणि आपल्याकडे नागालँडमध्ये जास्त दिसतो, आणि एपस्टाइन-बार विषाणूशी त्याचं घट्ट नातं आहे. त्या विषाणूचा डीएनए रक्तात मोजता येतो. हाँगकाँगमध्ये काहीच तक्रार नसलेल्या २०,००० पुरुषांचं रक्त तपासलं, ३४ जणांत कर्करोग सापडला आणि त्यातल्या ७१ टक्क्यांचा पहिल्या-दुसऱ्या स्टेजलाच. एरवी हे प्रमाण २० टक्के असतं. उपचारांनंतर रक्तात तो डीएनए उरला, तर आजार परतण्याचा धोका जास्त, हेही कळतं.

आपल्या गाल-जिभेच्या रुग्णांसाठी आज सर्वांत भरवशाचा अंदाज अजूनही साध्या स्लाइडवरूनच मिळतो. शस्त्रक्रियेनंतरच्या रिपोर्टात चार गोष्टी शोधा. गाठ किती खोल गेली होती, ज्याला डेप्थ ऑफ इन्व्हेजन म्हणतात. स्टेज ठरवताना ५ आणि १० मिलिमीटर या रेषा महत्त्वाच्या. मानेतल्या किती लसिका ग्रंथींत (लिम्फ नोड) आजार होता. त्या ग्रंथीचं कवच फोडून तो बाहेर पडला होता का, म्हणजे एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन. आणि मार्जिन स्वच्छ आहे का. कवच फुटलेलं असेल किंवा मार्जिनमध्ये आजार असेल तर नुसता शेक न देता त्यासोबत सिस्प्लॅटिन देण्याचा फायदा २००४ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांवरून कळला आहे. म्हणजे या खुणा भविष्य सांगतात आणि उपचारही ठरवतात. एका मार्करकडून याहून जास्त काय हवं?

उपचारातल्या एका निर्णयाने किती फरक पडतो, याचं उदाहरण परळच्या टाटा मेमोरियलमधूनच आलं. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतल्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढायच्या की गाठ आली तर मग बघायचं? डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये निकाल दिला. लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. यात एकही जनुक वाचावं लागलं नाही.

आजार परत आलेला किंवा पसरलेला असेल तर पीडी-एल१ या प्रथिनाची चाचणी कामाची ठरते, कारण इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारी औषधं, द्यायची का, हे ठरवताना तिचा उपयोग होतो. या औषधांचा खर्च बहुतेक घरांना पेलत नाही. त्यावर टाटा मेमोरियलने २०२३मध्ये निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा अगदी छोटा डोस, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांसोबत देऊन पाहिला. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. एचरास जनुकातला बदल थोड्या रुग्णांत सापडतो आणि त्यावर टिपिफार्निब हे औषध अभ्यासलं गेलं आहे.

टक्केवारी कशी वाचायची, तेही सांगायला हवं. शाळेचा दहावीचा निकाल ८० टक्के लागला, तर तो शाळेचा निकाल असतो. त्यावरून आपली मुलगी पास होणार की नाही ते कळत नाही. जगण्याची टक्केवारी तशीच, गटाची असते. त्यातही ती काही वर्षांपूर्वी उपचार झालेल्या लोकांची असते. ‘मीडियन १० महिने’ म्हणजे दहा महिन्यांनंतर सगळं संपतं असं नाही. निम्मे रुग्ण त्यापुढे जगले, काही तर कितीतरी पुढे.

म्हणून कुणी जनुकांचं महागडं पॅनल, म्हणजे एकदम अनेक जनुकं तपासणारी चाचणी, सुचवलं तर डॉक्टरांना सरळ विचारा, “याचा निकाल काहीही आला तरी उपचार तेच राहणार आहेत का?” उत्तर ‘हो’ असेल, तर ते पैसे प्रवासाला, दातांच्या तपासणीला, शेक चालू असतानाच्या पातळ पौष्टिक आहाराला ठेवा. शेक मध्येच थांबू न देणं हे कुठल्याही पॅनलपेक्षा रुग्णाच्या जास्त उपयोगाचं आहे. उत्तर ‘नाही’ असेल, तर कुठलं औषध बदलेल आणि ते मिळणार कुठून, हे तिथेच विचारून घ्या.

आणि शस्त्रक्रियेनंतर पॅथॉलॉजी विभागातून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉकची चौकशी करा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. पुढे कधी पीडी-एल१ किंवा एखाद्या जनुकाची चाचणी खरोखर लागली, तर बहुतेक वेळा ती याच ब्लॉकवर होते आणि रुग्णाचा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही. ब्लॉक घरी आणला तर उन्हापासून, उष्णतेपासून लांब ठेवा, त्याचा नंबर रिपोर्टाशी जुळतो का बघा, आणि दुसऱ्या इस्पितळात दिलात तर पोच घ्या.